बिनसाखरेचा तुकडा

कॅरिनने मागच्या सीटवरचे पट्टे सोडवून मिट्झीला खाली उतरवलं आणि दारातच वडिलांना नियम ऐकवले. "बाबा, टर्कीचं हाड द्यायचं नाही. कातडी नाही. कांदा घातलेलं काही नाही. मनुका तर अजिबात नाही."

"अगं, कुत्री आणलीस की गव्हर्नर?" डेलबर्ट म्हणाला.

थट्टा केली, तरी नियम त्याने पाळले. पाळणारच, गरज त्याला होती. मिट्झी आर्डिसची, त्याच्या बायकोची लाडकी. आर्डिस गेली तेव्हा "तुम्हाला स्वतःचं इन्सुलिन आठवत नाही, हिला काय सांभाळणार?" म्हणत मुलीने कुत्री शहरात नेली. आज थँक्सगिव्हिंगच्या सणाचं जेवण नीट पार पडलं, तर मिट्झी हिवाळाभर इथेच राहणार होती. म्हातारा त्या रिकाम्या घराला अगदी विटला होता.

जेवताना मिट्झीने त्याच्या गुडघ्याला नाक लावलं. टर्कीचा कणही त्याने तिला दिला नाही. शेवटी त्याचा वेगळा भोपळ्याचा केक आला. चर्चमधल्या बायका तो मधुमेहवाल्यांसाठी करायच्या, साखरेऐवजी बर्चच्या झाडापासून काढलेली गोड पूड घालून. आजाऱ्यांचं पथ्याचं खाणं, त्याने कुणाचं काय वाकडं होणार? कॅरिन कॉफी आणायला उठली तेव्हा अर्धा तुकडा त्याने टेबलाखाली सरकवला.

अर्ध्या तासात मिट्झी झिंगल्यासारखी चालायला लागली आणि कोसळली.

सणामुळे गावातला जनावरांचा दवाखाना बंद होता. उघडा होता तो पन्नास मैलांवर. घाईतही कॅरिनने मिट्झीला पट्टे बांधले. डेलबर्ट तिच्याशेजारी मागे बसला.

"बाबा, काही दिलंत का तिला?"

"छे."

"खरं सांगा."

"तुझे नियम मला तोंडपाठ आहेत, बाई. गाडी चालव."

केकने असं होईल हे त्याला पटतच नव्हतं. पण कबूल केलं की मिट्झी हातची गेली, एवढं त्याला पक्कं कळत होतं. वीसेक मैलांवर मिट्झीचे पाय ताठ झाले, अंगाला झटके यायला लागले. मग मात्र त्याला राहवेना.

"केक दिला गं," तो म्हणाला. "माझा. बिनसाखरेचा."

कॅरिनने गाडी कडेला घेऊन दवाखान्याला फोन लावला. पलीकडची बाई भराभर बोलत होती. ती पूड कुत्र्यांना विष असते, रक्तातली साखर पार उतरते. "जवळ मध, साखर काही आहे? हिरड्यांना चोळा. निघतानाच चोळायला हवं होतं हो!"

डेलबर्टचा हात कोटाच्या खिशात गेला. चक्कर आली तर असावी म्हणून ग्लुकोजच्या गोळ्यांची नळी तो सतत बाळगायचा. आर्डिसनेच लावलेली सवय. सगळ्या वाटेत ती नळी त्याच्या मांडीला टोचत होती.

दातांनी गोळी फोडून त्याने मिट्झीच्या हिरड्यांना चोळली. मग दुसरी. मग तिसरी. झटके थांबले होते.

"बाबा, पुरे," कॅरिन रडत म्हणाली. "गेली ती."

"थांब जरा," म्हातारा म्हणाला. "अजून चार आहेत."