रिफंड येऊ द्या

माह्या धर्मपालचा रिफंड अकोल्याच्या टॅक्सच्या हापिसात अडकला होता. रिफंड म्हणजे काय, असं मले आंधी कोणी इचारलं असतं तं म्या त्याच्या तोंडाकडंच पाह्यलं असतं. धर्मपाल बांधकाम खात्यात ओवरशिअर होता. आमच्या मोहल्ल्यातून सरकारी खुर्चीवर बसणारा थोच पयला. पुऱ्या वर्षाच्या कमाईचा अंदाज धरून सरकार त्याच्या पगारातून दर महिन्याले टॅक्स कापे. आन् वर्ष पुरं व्हाच्या आंधीच मुदतीच्या तापानं थो गेला. मंग त्याच्या साहेबानं सांगतलं, की एवढी कमाई झालीच नाई तं कापलेले पैसे वापस भेटतीन, त्याच्या बायकोनं अर्ज करावा.

बायको म्हणजे सत्यवती, माही सून. धर्मपाल गेल्यावर अकोल्याचं बिऱ्हाड मोडून ते माह्याजवळ अमरावतीले आली. कचेरीसमोर बसणाऱ्या अर्जनवीसाकून अर्ज लिहून घेतला. सत्यवती सातवी शिकलेली, तिनं घरी वाचून दाखवला. पयल्याच ओळीत होतं, मी मयत धर्मपाल यांची विधवा. ते वाचताना तिचा आवाज हालला नाई. तिचा भाऊ पंजाबराव बार्शीटाकळीहून आला होता. त्यानं थो विधवा शब्दच तेवढा धरून ठेवला.

अर्ज दिला त्याच थंडीत अचलपूरचं स्थळ आलं. शाळामास्तर, बायको बाळंतपणात गेलेली, एक लहान पोरगी. माणूस सरळ. येष्टीनं आला, चहा घेतला आन् माह्यासमोरच सत्यवतीले इचारलं, की तुमची मर्जी हाय का. ते खाली पाहून हो म्हणाली. मले बरं वाटलं, आन् धर्मपाल आठवलाबी. पण पोरगी पंचविशीतली, माह्या म्हातारीच्या चुलीपाशी जिंदगी कायले काढन? आमच्यात बाईनं दुसरं घर कराले कोणाची ना नव्हती, आन् धम्म घेतल्यावर तं नव्हतीच नव्हती.

पंजाबराव मंधात बोलला. "हे विधवा हाय म्हणून सरकार पैसे देऊन राह्यलं. उद्या कुकू लावून गेली तं साहेब म्हणन, विधवा कोठी हाय? धर्मपालची शेवटची कमाई सरकारजमा होईन."

आमी साऱ्यांनी मान हालवली. मास्तरनं हालवली, सत्यवतीनं हालवली, म्याबी हालवली. माह्या लेकाच्या घामाचा पैसा बुडावा, असं मले कसं वाटन? मास्तर उठताना म्हणाला, "रिफंड येऊ द्या, मंग करू." हापिसात जाऊन खरं काय ते इचारावं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाई. सरकारले असं काही इचारलं तं त्याले आयतं कारण भेटन, एवढंच आमाले ठाऊक.

मंग सुरू झाल्या अकोल्याच्या चकरा. सत्यवती घरी दोन-दोन काचेच्या बांगड्या घाले. विहारात सांगतलंच होतं, बाई रांडावली म्हणून हात उघडे ठेवू नोका. पण अकोल्याले जाच्या दिवशी ते बांगड्या काढून कोनाड्यात ठेवे, पांढरं लुगडं नेसे, कपाळ पुसे. येष्टीत बसली की मले तिच्याकडं पाहवे ना. हापिसातला कारकून फाईल चाळे आन् सांगे, वर गेली आहे, पुढच्या महिन्यात या. वर म्हणजे कोठी, म्या एकदा इचारलं. त्यानं बाजूच्या खोलीकडं बोट केलं. त्या खोलीले कुलूप होतं. एवढ्या चकरांत त्या बाप्पानं मान वर करून तिच्या कपाळाकडं कधी पाह्यलं नाई.

पयले पयले घरी येताना सत्यवती म्हणे, पुढच्या महिन्यात होईन बहुतेक. मंग म्हणनं सोडलं. हसनं गेलं, तसं रडनंबी गेलं. भाकरी थापे, पाणी भरे, इचारलं तं बोले. मी चिडू चिडू बोलो, कारकुनाले शिव्या देओ, ते नुसती आयके. हे माह्यावर एकदा तरी खेकसली असती तं मले बरं वाटलं असतं.

मास्तरचं येनं कमी झालं. त्याची माय आंथरुणाले लागली होती, पोरगी शेजाऱ्यापाजाऱ्याच्या घरी जेवे. वैशाख सरला आन् पंजाबराव आला, दारातच बसला. मास्तरनं कौंडण्यपुराकडची बायको केली म्हणाला. सत्यवती जवारी निवडत होती, तिचा हात थांबला नाई.

"बरं झालं," ते म्हणाली. "त्या लेकराले माय पायजे होती."

सूप भरलं तसं उचलून ते आत गेली.

आन् बरसात सरता सरता हापिसाचं कारड आलं, येऊन रिफंड घेऊन जा. बांगड्या कोनाड्यात गेल्या, पांढरं लुगडं निघालं. कारकुनानं दाखवलं तथी सत्यवतीनं सही केली. त्यानं हुंडी दिली, बँकेत वटवा म्हणाला. तवा मले राहवलं नाई. म्या इचारलं, "साहेब, आता हिनं लगन केलं तं सरकार पैसे वापस तं घेणार नाई ना?"

त्यानं पयल्यांदा मान वर केली. "लग्नाचा इथे काय संबंध, आजी? नवरा वारला त्याच दिवशी त्या वारस झाल्या. मागेच लग्न केलं असतं तरी हेच पैसे मिळाले असते. विचारलं असतं तर सांगितलं असतं."

आन् त्यानं दुसऱ्याची फाईल ओढली.

मले राग आला. कारकुनाचा, पंजाबरावाचा, माहा सोताचा. कोणावर काढू, समजे ना. सत्यवतीनं हुंडीची घडी केली, पदराले गाठ मारली आन् पायऱ्या उतराले लागली. मी मांगं मांगं. बजारात कासारीण बसली होती, म्या तिच्यासमोर फतकल मारली आन् सत्यवतीले खाली बसवलं. हिरव्या भर म्हटलं, दोनी हात भरून.

"कायले, आत्याबाई?" सत्यवती म्हणाली. पण हात तिनं पुढं केला. कारकुनानं सही कर म्हटल्यावर केला होता तसाच.

कासारीण तिचा पंजा दाबत म्हणाली, "हात ढिला सोड, बाई."

"ढिलाच हाय व," म्या म्हटलं. "लय दिवसाचा ढिला हाय. तू भर."