डाव्या सीटवरचे अप्पा

शेळगीतल्या त्या गल्लीत सोमवारी सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. तिथं देऊळ नव्हतं, दवाखाना नव्हता, रेशनचं दुकानही नव्हतं. होती ती राजशेखर आडत्याच्या दारात उभी असलेली पांढरी मोटार आणि त्या मोटारीची पुढची डावी, रिकामी सीट. बायाबापड्या चपला काढून रांग लावत, खिडकीतून आत डोकावत, रिकाम्या सीटला हात जोडत आणि पुढं सरकत. सीटवर भस्माचे तीन पट्टे ओढलेले, पाठीला शेवंतीचा हार, आणि बॉनेटवर इतके नारळ की इंजिनात पाणी घालायचं तर आधी नारळ उतरवावे लागत.

गर्दी पुरेशी जमली की राजशेखर किल्ली फिरवायचा. जुन्या मीटरच्या जागी बसवलेला लखलखीत पडदा उजळायचा, त्यावर बसलेल्या माणसाचं लाल चित्र उमटायचं आणि गाडी टिंव टिंव ओरडू लागायची. मग मागच्या सीटवर ऐसपैस बसलेले तिप्पण्णा महाराज डोळे मिटून काहीबाही पुटपुटायचे आणि शेवटी हात वर करून म्हणायचे, "अप्पा, शांत व्हा की. समदी तुमालाच भेटायला आल्यात." गाडी खरोखर गप्प व्हायची. लाल माणूस मात्र पडद्यावर तसाच बसून राहायचा. रांगेतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या.

राजशेखरची बायको धनलक्ष्मी हा तमाशा गॅलरीतून बघायची. ती हायस्कुलात विज्ञान शिकवायची, आणि सोमवारी शाळेला निघताना तिला स्वतःच्याच घरातून बाहेर पडायला रांगेतल्यांची परवानगी मागावी लागायची. पण तिची नजर पडद्याकडे नसायची. ती बघायची सासूचा पाय. नागव्वाच्या उजव्या पायाला चिंधी गुंडाळलेली होती, आणि त्या चिंधीवर हल्ली माश्या बसायला लागल्या होत्या.

आता हे अप्पा कोण ते सांगायला हवं. अप्पा म्हणजे राजशेखरचे वडील, सिद्धप्पा. मार्केट यार्डात ज्वारीची आडत चालवण्यात त्यांचा जन्म गेला. गाडी घेताना शोरूमवाला वरच्या मॉडेलचे गुण गात होता तेव्हा "मीटरचा काटा फिरतोय न्हवं? मग झालं की," एवढंच म्हणून त्यांनी सगळ्यात साधी गाडी उचलली. उन्हाळ्यात ते गेले. दसऱ्याला गाडी पुजायची तर काहीतरी नवं हवं, या हौसेनं राजशेखरनं वरच्या मॉडेलच्या एका मोडीत निघालेल्या गाडीतलं डिजिटल मीटर मिळवलं आणि विरुपाक्ष नावाच्या कारागिराकडून आपल्या गाडीत बसवून घेतलं. काटे गेले, रंगीत पडदा आला. पूजा झाली, चाकाखालचं लिंबू फुटलं, किल्ली फिरली, आणि पडद्यावर लाल माणूस येऊन बसला. तोही डाव्या सीटवर, जिथं अप्पा बसायचे.

राजशेखरनं घाबऱ्या घाबऱ्या रिकाम्या सीटचा बेल्ट लावून पाहिला. टिंव टिंव थांबेना. तेव्हा तर घरातली उरलीसुरली शंकाही मिटली, कारण अप्पांनी उभ्या आयुष्यात बेल्ट लावला नव्हता आणि लावा म्हटलं तर कधी ऐकलंही नव्हतं.

नागव्वाला तर पुरावाच नको होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे अप्पांना बसवून समाधी दिली होती. कपाळाला भस्म, हातात इष्टलिंग, मांडी घालून बसलेला नवरा, हे तिनं त्याचं शेवटचं पाहिलेलं रूप. बसलेला गेला तो बसलेलाच परत आला, यात तिला वावगं काहीच दिसेना. ती रोज मागच्या सीटवर जाऊन बसायची आणि त्याच्याशी बोलायची. आज भाजी काय केली, यार्डात ज्वारी कशी आली, सगळं. पुढं मात्र ती कधी बसली नाही. नवऱ्याच्या मांडीवर चारचौघांत कसं बसायचं, असा तिचा साधा सवाल होता.

खरं सांगायचं तर धनलक्ष्मीला सुरुवातीला याचं वाईट वाटलं नव्हतं. उन्हाळ्यापासून तोंडात शब्द नसलेली सासू पुन्हा बोलायला लागली होती. बोलू दे बापडीला, असं तिनं मनाशी म्हटलं. पण रिकामी जागा दिसली की तिथं कुणीतरी दुकान मांडतोच, तसे मग तिप्पण्णा महाराज आले.

महाराज अक्कलकोटच्या बाजूचे, असं ते स्वतःच सांगत. मराठीत अडले की ते कानडीत शिरत आणि कानडीत अडले की संस्कृतात. संस्कृतात त्यांना अडवणारं गल्लीत कुणी नव्हतं. अप्पांच्या इच्छा फक्त त्यांना कळत. अप्पांना मंगळवेढ्याचा हुरडा खावासा वाटे, आणि तो अर्थातच महाराजांच्या तोंडातून आत जाई. अप्पांना अक्कलकोटला जावंसं वाटे, आणि नेमकं त्याच दिवशी तिथं महाराजांच्या भाचीचा साखरपुडा निघे. जन्मभर यार्ड ते घर एवढाच प्रवास केलेले अप्पा मेल्यावर असे फिरस्ते झाले होते, आणि राजशेखर दुकान टाकून त्यांना फिरवत होता.

इथवर हसण्यावारी नेता आलं असतं. पण एके दिवशी नागव्वानं पायाच्या जखमेचं विचारलं. तिला जुना मधुमेह होता, चप्पल चावून करंगळीला फोड आला होता आणि तो भरत नव्हता. महाराजांनी डोळे मिटले. "अप्पा म्हनत्यात, ती सुई बंद कर. सुईनं अंगात उष्णता चढतीया. अंगारा लाव, मी हाय." नागव्वानं त्याच रात्री इन्सुलिनची सुई फेकून दिली. नवऱ्याचा शब्द तिनं तो जिवंत असताना मोडला नव्हता, तो आता कुठला मोडायला.

धनलक्ष्मीनं समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, एकदा तर रडूनही पाहिलं. नागव्वाचं उत्तर ठरलेलं. "तू शिकलीस गं, पण माझ्या नवऱ्याला माझ्यापेक्षा तू वळखतीस व्हय?"

मग ती नवऱ्याकडे वळली. "अहो, आपण अप्पांना लिंगैक्य झाले म्हणतो. लिंगात मिळून गेलेला माणूस परत मोटारीच्या सीटवर कशाला येईल? आपल्याच धर्मात बसत नाही हे. अव्वांचा पाय सडायला लागलाय."

"त्यांना साधंच मीटर पाहिजे होतं," राजशेखर म्हणाला. "त्यांच्या मनाविरुद्ध मी ते काढून टाकलं. ते त्याच मीटरमध्ये येऊन बसले. आता त्यांना खोटं पाडू म्हणतेस?" त्याचे डोळे भरून आले होते. धनलक्ष्मीला कळलं की याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. हा माणूस पुराव्यानं नव्हे, पश्चात्तापानं बांधला गेला होता.

सुटकेची वाट तिला सापडली ती दुसऱ्या घटक चाचणीच्या पेपरांमुळे. शाळेतल्या ज्ञानदा मॅडमकडे त्याच गाडीचं वरचं मॉडेल होतं. शाळा सुटल्यावर मॅडमनी उत्तरपत्रिकांचा जाडजूड गठ्ठा पुढच्या डाव्या सीटवर टाकला, धनलक्ष्मी मागं बसली, आणि गाडी सुरू होताच टिंव टिंव सुरू झालं. पडद्यावर तोच लाल माणूस. मॅडमनी वैतागून गठ्ठा उचलून मागं दिला. माणूस नाहीसा झाला. नववी ब च्या भूमितीत कुणाचा आत्मा असणं शक्य नव्हतं, तिथं साधी अक्कलही फारशी नव्हती. धनलक्ष्मी घरी न जाता तडक विरुपाक्षच्या गॅरेजवर उतरली.

विरुपाक्षनं आधी टाळाटाळ केली, मग मान खाली घालून सगळं सांगितलं. "वरच्या मॉडेलात गादीखाली वजन वळखणारी पट्टी असती, मॅडम. तुमच्या गाडीत ती न्हाय. बेल्टच्या खाचेतली वायर पन न्हाय. मीटर इचारतंय, कोन बसलंय का? सांगनारंच न्हाय तर उत्तर यनार कुटनं? उत्तर न्हाय आलं की बसलंय असंच धरायचं, असं कंपनीनं शिकवलेलं असतंय त्याला. उगं धोका नको म्हनून. मग जरा वेळ वाजून आपोआप थांबतंय."

हे आधी का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला की साहेबांना सांगितलं होतं, एखादा दिवा लागलेला राहील, मनावर घेऊ नका. पण पूजेच्या गडबडीत ते त्यांच्या कानावरून गेलं असेल. नंतर त्यानं रांग पाहिली, आणि एवढ्या रांगेपुढं तोंड उघडायची त्याला हिंमत झाली नाही. ती निघता निघता तो आणखी एक गोष्ट बोलून गेला. तिप्पण्णा महाराज गॅरेजवर येऊन गेले होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं होतं, वाजायचं आपोआप थांबतं का, आणि किती वेळानं. धनलक्ष्मीची कानशिलं तापली. महाराज भोळे असतील, अशी तिनं मनात ठेवलेली एक सवलत तिथंच संपली.

पुढच्या सोमवारी ती शाळेला गेली नाही. डोक्यावर पदर घेऊन गर्दीतून पुढं आली आणि तिनं महाराजांना वाकून नमस्कार केला. राजशेखर बघतच राहिला. ती म्हणाली, "महाराज, अप्पा गाडीत इतके दिवस कोंडून बसलेत. सीटसकट त्यांना कट्ट्यावर सावलीत आणून बसवलं तर चालेल का? येतील ना ते?"

सुनेनं शरणागती पत्करलेली पाहून महाराज खुलले. "यत्यात की. जितं आसन, तितं अप्पा."

"म्हणजे सीट कट्ट्यावर आली की अप्पा गाडीत नसतील?"

"गाडीत काय ठिवलंय त्यांचं? ते आसनावर बसल्यात."

हे सगळ्यांनी ऐकलं याची खात्री झाल्यावर तिनं ठरल्याप्रमाणे गर्दीत येऊन थांबलेल्या विरुपाक्षला खूण केली. त्यानं पाने काढून सीटचे बोल्ट सोडवले. चार गड्यांनी सीट पालखीसारखी उचलली. त्यातला एकजण तर दबल्या आवाजात म्हणाला की अप्पा हयातीत होते त्याहून जड झालेत. कट्ट्यावर सीट टेकवली, हार सारखा केला, नागव्वा लंगडत येऊन तिच्याशेजारी बसली. महाराजांनी सीटकडे तोंड करून अप्पांची खुशाली विचारली. अप्पांना बरं वाटत होतं.

"आता किल्ली फिरवा," धनलक्ष्मी नवऱ्याला म्हणाली.

राजशेखरनं किल्ली फिरवली. टिंव टिंव सुरू झालं. पडद्यावर लाल माणूस होता तिथंच, तसाच बसलेला. गाडीत डावीकडे आता सीट नव्हती, नुसता पत्रा होता आणि त्यावर शेंगांची चार टरफलं पडलेली होती.

लोक कट्ट्याकडे बघत, गाडीकडे बघत, पुन्हा कट्ट्याकडे बघत. महाराज मराठीतून कानडीत आणि कानडीतून संस्कृतात शिरले, हात वर करून त्यांनी शांत व्हायला सांगितलं आणि गाडी शांत झाली. त्यांच्या जिवात जीव आला. पण धनलक्ष्मीनं किल्ली पुन्हा फिरवायला लावली, महाराजांना हात जोडून थांबवलं आणि वर्गात म्हणावा तसा खणखणीत आवाजात एकोणीसचा पाढा म्हटला. पाढा झाला, ती सतराच्या पाढ्यात शिरली, तो संपत आला आणि गाडी गप्प झाली. तिसऱ्यांदा कुणीच काही बोललं नाही. तरीही ती तेवढ्याच वेळानं गप्प झाली.

शेवटी विरुपाक्षनं पत्र्यावर वाकून पट्टीच्या वायरीच्या जागी, मीटरला 'कुणी बसलेलं नाही' असं सांगणारा एक बारकासा जोड बसवला. किल्ली फिरली. पडदा उजळला, पण लाल माणूस आला नाही. राजशेखरनं पुन्हा फिरवून पाहिली. नाहीच आला.

धनलक्ष्मी लोकांना समजावून सांगायला वळली, गादीखालची पट्टी, वायर, आपोआप थांबणारा आवाज. पाठीमागं हालचाल झाली तेव्हा महाराज चपला हातात घेऊन गल्लीच्या टोकाला पोचले होते. गर्दीचं मात्र काही सांगता येत नाही. विरुपाक्षनं अप्पांना मोकळं केलं असं म्हणत दोघी म्हाताऱ्या त्याच्याच पाया पडायला निघाल्या आणि तो बिचारा गाडीखाली शिरला.

नागव्वा कट्ट्यावरून उठली नव्हती. सगळे पांगल्यावर तिनं सुनेला जवळ बोलावलं.

"उन्हाळ्यात त्यांना एकदा माती दिली," ती म्हणाली. "आज तू दुसऱ्यांदा दिलीस."

धनलक्ष्मीला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. तिनं चिंधी सोडवली, आतली जखम बघितली आणि नवऱ्याला गाडी काढायला सांगितलं. सीट बसवायला वेळ नव्हता. सासूला मागं आडवी घेऊन ती दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी पाय वाचवला, करंगळी काढावी लागली. आठवडाभर आधी आणलं असतं तर तीही राहिली असती, असं ते म्हणाले.

घरी आल्यावर नागव्वा सुनेशी बोलत नव्हती. सुई टोचून घ्यायची, तोंड फिरवायची. एका संध्याकाळी तिनं दंड आपणहून पुढं केला आणि विचारलं, "यांनी सांगितलं असतं का गं, सुई बंद कर म्हणून?"

"कधीच नाही, अव्वा. तुमची सुई चुकली की अप्पा जेवायला बसायचे नाहीत."

"व्हय की. मग मला कसं कळलं न्हाय?" नागव्वा भिंतीकडे बघत म्हणाली. "एवढा संसार केला, आनि माझा नवरा बोलतोय का दुसराच कोन बोलतोय, ते मला वळखू आलं न्हाय." त्या दिवशी ती पोटभर रडली, आणि धनलक्ष्मीनं तिला रडू दिलं.

सोमवारी सवयीनं काही बायका नारळ घेऊन आल्याच. गाडीला हात जोडून त्या उभ्या राहिल्या. नागव्वा काठी टेकत बाहेर आली, कट्ट्यावर बसली आणि तिनं पट्टी बांधलेला पाय त्यांच्यापुढं सरळ लांब केला.

"हितं कोन बसत न्हाय," ती म्हणाली. "आवाज आला तर तो कुटनं येतोय ते आदी इचारा. वायर कुटं गेलीया बघा. कळत न्हाय तर ज्याला कळतंय त्याला इचारा. आनि कुनीबी सांगू दे, देवानं सांगू दे न्हायतर मेलेल्या नवऱ्यानं, दवा सोडू नका. मी सोडली हुती. ह्यो बघा पाय."