कपाळाची हद्द

शिवदास सरांनी साठ जणांमधून मला उचललं ते माझ्या कपाळासाठी.

"हे बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "असं रुंद कपाळ असलं की विगची कड कॅमेऱ्यात लगेच पकडली जाते. ये गं, बस. चष्मा काढ."

मी चष्मा काढला. अंधेरीतल्या त्या हॉलमधले आरसे, दिवे, माणसं सगळंच धूसर झालं. कपाळ आईचं होतं. ते त्यांनी नऊ वर्षं रोज पाहिलं होतं. मला वाटलं, आता ओळखतील. त्यांनी हनुवटी धरून माझा चेहरा उजेडाकडे वळवला आणि टूथब्रश मागितला.

मी मुलुंडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. आई मार्चमध्ये गेली आणि जूनमध्ये मी घाटकोपरला मेकअपच्या वर्गात नाव घातलं. घरच्यांना वाटलं, मन रमवायला जाते. मी तसं वाटू दिलं. खरं कारण वर्गाच्या माहितीपत्रकात होतं. नोव्हेंबरमध्ये सिनेमा-मालिकांतल्या मोठ्या मेकअप-कलाकारांची कार्यशाळा होणार होती आणि शिकवणाऱ्यांत शिवदास सरांचं नाव होतं.

आई सव्वीस वर्षं मालिकांच्या सेटवर हेअरड्रेसर होती. त्या काळात बायकांना युनियनकडून मेकअपचं कार्ड मिळत नसे. बाईनं केस करायचे, चेहरा पुरुषानं. "केसांच्या कडेपर्यंत तू, त्याच्याखाली मी," असं शिवदासदादा तिला म्हणायचे. सेटवर ते सगळ्यांचे दादा होते. एकदा नटीच्या कपाळावरचा घाम टिपताना आईच्या हातात पावडरचा पफ होता, तेवढ्यावरून तपासायला आलेल्या युनियनच्या माणसांनी तिला दोन दिवस घरी बसवलं. पुढे तो नियम गेला, तोवर आईचं काम सुटलं होतं.

साबणाची गोष्ट तिनं मला शंभरदा सांगितली असेल. मालिकेतल्या आजीच्या विगची कड कॅमेऱ्यात दिसत होती, डायरेक्टर ओरडत होता. आईनं बाथरूममधून साबणाचा झिजलेला तुकडा आणला. नटीचे स्वतःचे बारीक केस विगखालून ओढून काढले आणि साबण लावलेल्या टूथब्रशनं कपाळावर वळवून चिकटवले. कड दिसेनाशी झाली. पण हे कपाळावरचं काम होतं. म्हणून कुणी विचारण्याआधीच दादा म्हणाले, "मी केलं." तसं म्हणाले नसते तर आईची नोकरी गेली असती. ती म्हणायची, "त्या दिवशी दादानं माका वाचवल्यान."

नंतर मात्र ते तसंच राहिलं. युक्ती त्यांच्या नावावर नावाजली गेली. शेवटच्या महिन्यांत आई हॉस्पिटलमध्ये मोबाइलवर त्यांच्या मुलाखती बघायची. "थांब गो, आता सांगतलो," असं म्हणून आवाज मोठा करायची. मुलाखत संपायची. "इसारलो आसतलो. त्याचाही वय झाला." मग पुढची मुलाखत शोधायला लावायची. तेव्हा तिच्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता.

मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. एकदा, चार लोकांसमोर, त्यांनी तिचं नाव घ्यावं, एवढंच.

"साल दोन हजार सहा," सरांच्या कॉलरला लावलेल्या माइकमधून आवाज घुमला. ब्रश माझ्या कपाळावर थंडगार लागला. "डायरेक्टर बोंबलतोय, नटी रडतेय. मी म्हटलं, थांबा. बाथरूममध्ये गेलो आणि साबण उचलला. म्हणजे बघा, बुद्धी कुठंही सुचते!"

हॉल हसला. मी तोंड उघडलं.

"बोलू नकोस गं. बोललीस की भुवया हलतात, केस सुटतात."

मी तोंड मिटलं.

मागून कुणीतरी विचारलं, "सर, हे काम हेअरड्रेसरचं नाही का?"

"हेअरवाल्यांचं केसांचं. कपाळ आपलं." ते थांबले, मग हसले. "बायका गुणी होत्या हां. डबे काय आणायच्या! एकीच्या डब्यातलं कोळंबीचं सुकं मला अजून आठवतं."

पुन्हा हसणं. ते सुकं कुणाच्या डब्यातलं, ते मला माहीत होतं. आई दोन माणसांपुरतं जास्तीचं भरायची.

कपाळ सुकून ताठ झालं. "थोडं पांढरं होतं," सर म्हणाले. "काळजी नाही. वरून पावडर." त्यांनी पावडर थोपटली. मी चष्मा लावून आरशात पाहिलं आणि तेव्हा मला कळलं की त्यांना युक्ती अर्धीच माहीत आहे. आई साबणावर घासण्याआधी ब्रश स्वतःच्या तेल लावलेल्या केसांतून दोनदा ओढायची, शिवताना सुई केसांतून ओढतात तसा. त्या पुसट तेलामुळे साबण पांढरा पडत नसे.

मग सराव होता. माझ्या वाट्याला प्रांजल आली. बोरिवलीची, वीस वर्षांची, तोंडाला विश्रांती नाही.

"ताई, माझं कपाळ म्हणजे शिवाजी पार्क आहे यार. सांभाळून हां, हरवशील."

"हलू नकोस," मी म्हटलं, आणि विचार न करता ब्रश माझ्या केसांतून ओढला. एकदा, दोनदा. सकाळी तेल लावूनच निघाले होते.

"ए, ए, गार्गी! हे काय?" आमच्या वर्गाच्या माणिक मॅडम दोन टेबलांवरून धावत आल्या. "स्वतःच्या डोक्यात ब्रश? शी! पहिल्या दिवशी काय शिकवलं मी? उद्या कुणाच्या तोंडावर पुरळ आलं तर वाट लागेल आपली!"

सगळे वळून बघायला लागले. मॅडमचं बरोबरच होतं. त्यांनी माझ्या हातातला ब्रश काढून घेतला आणि त्यावर स्पिरिट ओतलं.

गडबड ऐकून शिवदास सर आले. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते. माझा हात अजून केसांपाशीच होता, त्याच्याकडे बघत होते. मग त्यांचा हात कमरेच्या डबीकडे गेला आणि त्यांनी माइकचं बटण बंद केलं.

"आडनाव काय तुझं?"

"सावंत."

"सुलक्षणाची तू?"

मी मान हलवली.

"मघाशी सांगायचंस ना, पोरी."

"तुम्ही बोलू नकोस म्हणालात."

"कशी आहे ती?"

"मार्चमध्ये गेली."

त्यांनी बाजूची खुर्ची ओढली, पण बसले नाहीत, तिच्या पाठीला धरून उभे राहिले. "मला कुणी कळवलं नाही गं." मग म्हणाले, "ब्रश केसांतून फिरवायची ती. मला वाटायचं, सवय आहे."

"तेलासाठी. मग पांढरं होत नाही."

त्यांनी माझ्या कपाळावरची पावडर पाहिली. "त्या दिवशी मी तिच्यासाठीच तसं बोललो होतो."

"माहीत आहे. ती सांगायची."

"रागावली होती का माझ्यावर?"

"नाही. तुमच्या सगळ्या मुलाखती बघायची."

ती कशासाठी बघायची, ते त्यांना कळलं. त्यांचे डोळे भरले होते.

"सर, आवाज येत नाहीये!" मागून कुणीतरी ओरडलं.

शिवदास सरांनी डबीवरचं बटण दाबलं. स्पीकरमध्ये खरखर झाली. मी टेबलाची कड धरली.

"हां. ऐका सगळे." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा साफ केला. "ही जी युक्ती आहे ना, साबणाची..."

साठ माणसं बघत होती. कितीतरी फोन वर झाले, रेकॉर्डिंग सुरू झालं. सरांनी त्या फोनांकडे पाहिलं.

"...यात ब्रश स्वच्छ पाहिजे. केसांतून वगैरे फिरवायचा नाही. मॅडम सांगतात ते बरोबर आहे. चला, पुढे."

ते पुढच्या टेबलाकडे गेले. जाताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

मॅडमनी ब्रश परत दिला. त्याला स्पिरिटचा वास येत होता. मी तो साबणावर घासला आणि प्रांजलचे बारीक केस एकेक करून कपाळावर वळवले. काम नीट झालं. पाच मिनिटांत सगळी कड पांढरी पडली.

"ताई, पांढरं झालं ना गं?" प्रांजलनं आरशात बघत हळूच विचारलं. "आता काय करायचं?"

मी पावडरचा डबा उघडला.