सासूबाईंवरचा आळ

सून पन्नाशी ओलांडलेली, पाळी जाऊन दोन वर्षं झालेली. घरीच शिवणकाम करायची. त्या दिवशी सोफ्यावर बसून गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटणं लावताना तिला शिंक आली आणि त्या मेल्या शिंकेनं घात केला. सोफा ओला झाला. ती कपडे बदलायला पळाली, तोवर सासूबाई येऊन नेमक्या तिथेच टेकल्या. पाठोपाठ नात आली.

"आजी, अगं सोफा ओला केलास की!"

सासूबाई चपापल्या. सून दारातच उभी होती. एक शब्द बोलली असती तर तिथंच मिटलं असतं, पण बाईनं तोंडात मिठाची गुळणी धरली. ऐंशीच्या माणसाचं कोण मनावर घेतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. इतक्या स्वस्तात सुटल्याचं तिला बरंही वाटलं, आणि तेच पुढे तिला खात राहिलं.

नंतरचे तीन महिने खुर्ची ओली होवो की गाडीची सीट, नाव आजीचंच. सासूबाईंनी संध्याकाळी मैत्रिणींकडे जाणं बंद केलं, चहा सोडला, पाणी घोटभरावर आणलं. त्यांच्या अंथरुणावर प्लास्टिक घालताना सुनेची मान वर होत नसे. तरी ती गप्पच.

मग सासूबाईंना लघवीला जळजळ सुरू झाली, थंडी वाजून ताप आला. डॉक्टरीणबाईंनी तपासणीचा कागद वाचला.

"संसर्ग झालाय. पाणीच पीत नाही तुम्ही. आणि नकळत लघवी होते म्हणालात, ते कधीपासून?"

"मला नाही हो कळत," सासूबाई म्हणाल्या. "हिला विचारा. हीच सगळं धुते-पुसते बिचारी."

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांचं नाही ते," ती म्हणाली. "माझं आहे. पहिल्यापासून माझंच."

पाळी गेल्यावर बऱ्याच जणींना असा त्रास होतो, त्यावर व्यायाम आहेत, औषधं आहेत, डॉक्टरीणबाई समजावत होत्या. सुनेचं लक्ष सासूबाईंकडे होतं.

"म्हणजे माझं डोकं शाबूत आहे?" सासूबाईंनी विचारलं. "मला वाटायचं, होतंय माझ्याकडूनच आणि आठवत मात्र नाही. उद्या तुम्हालाही ओळखणार नाही, अशी धास्ती घेतली होती गं मी."

सुनेला रडू फुटलं. "आई, चुकले मी."

"रड नंतर. आधी पाणी दे."

त्यांनी अख्खी बाटली संपवली, तोंड पुसलं.

"आणि नातीला तू सांगायचंस. माझ्यासमोर."