निळ्या कार्डांची तऱ्हा

योगिनीला चहा गार झालेला चालतो, पण ‘मी आधीच सांगत होतो’ हे वाक्य अजिबात चालत नाही. आणि दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कारभारीकाकांनी ते सकाळपासून चारदा ऐकवलं होतं.

अंबडला दोघं ज्या कारखान्यात कामाला आहेत, तो डिशच्या रिसीव्हरचा. टीव्हीखाली डबा असतो ना, तो. डबा बाहेर पाठवण्याआधी त्यात चाचणीचं कार्ड घालून चॅनेल उघडतं का ते बघायचं. ही कार्डं कोरी येतात, आपण हवा तो प्रोग्रॅम भरायचा. जुनी झिजली म्हणून दोन कंपन्यांचे नमुने मागवले. एकीच्या कार्डांवर निळा ठिपका, दुसरीच्या हिरवा. कुठली बरी, ते ठरवायचं काम योगिनीकडे आलं. तीन वर्षं ती कंत्राटावर राबत होती, आणि कारखान्याचे मॅनेजर महेश सर म्हणाले होते की हा अहवाल नीट उतरला तर कायम करून टाकू. मग काय विचारता, बाई पंजाबी ड्रेसवरसुद्धा पदर खोचून कामाला लागली.

एकेक कार्ड तिने पाचशे वेळा घातलं, काढलं. चाचणीच्या चॅनेलवर एकच रेकॉर्डिंग चालायचं, पाटवड्या थापणाऱ्या एका बाईचं. त्या पाटवड्या तीन वर्षांत कुणी ताटात पडलेल्या पाहिल्या नव्हत्या. तर ही बाई निळ्या कार्डावर झटकन यायची, हिरव्यावर आळोखेपिळोखे देत. योगिनीने निळं लिहिलं.

चाचणी विभागात कारभारीकाकांची हयात गेलेली. त्यांना हे कसं पचावं? शिवाय हिरव्या कंपनीचा माणूस पडला दिंडोरीचा, म्हणजे त्यांच्या गावचा. निळं कार्ड नाजूक आहे, चार दिवसांत मान टाकेल, असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

आणि मेलं तसंच झालं की! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच महेश सर स्वतः बघायला बसले. योगिनीने निळं कार्ड घातलं, तर पडद्यावर ‘कार्ड घाला’. दुसरं घातलं, तेच. दहाच्या दहा तशीच. हिरवी मात्र चालू. दुपारपर्यंत कारण सापडलं नाही तर हिरवी मागवू, असं म्हणून सर केबिनमध्ये गेले. कायम करण्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

तिने भिंग घेऊन कार्डं उलटीपालटी केली. चिपची सोनेरी चकती पिवळीधमक, काही वावगं दिसेना. शेवटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसली, तर बोळाच पिवळा. तिने वास घेतला. हळद!

खंडेनवमीला ती नांदगावला आईकडे गेली होती. त्या दिवशी विभागातली हत्यारं पाटावर मांडून पूजा करतात, आणि ती दरवर्षी कारभारीकाकाच करतात. कुंकू पांढऱ्या कार्डावर उठून दिसतं, ते पुसलं गेलं असणार. सोन्यावरची हळद कुणाला दिसतेय!

दहाही कार्डं पुसून तिने घालून पाहिली. पाटवडीवाली बाई हजर. योगिनीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हाताऱ्याने मुद्दाम केलं, दुसरं काय! बोळा घेऊन ती तडक केबिनमध्ये शिरली. काका तिथेच चहा पीत होते. तिने बोळा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

सरांनी काकांकडे पाहिलं. हिरव्या कार्डांना हळद का नाही लागली, असं विचारलं.

काकांनी कप बशीत ठेवला. “हिरवी पाटावर मांडलीच नव्हती,” ते म्हणाले. “पूजा कामाच्या हत्याराची करतात, साहेब.”

“मग इतके दिवस हिरवं, हिरवं काय लावलं होतं?” योगिनीने विचारलं.

“गावचा माणूस आहे, तोंडाने बोलावं लागतं. पूजेत खोटं कसं मांडू, पोरी?”

सरांनी अहवाल काढून काकांपुढे सरकवला आणि खाली सही करायला सांगितलं. काकांनी चष्मा लावला, पूर्ण नाव लिहिलं, तारीख घातली. मग सरांनी योगिनीला कायम केल्याचं पत्र टाइप करायला सांगितलं. ती भांडायला आली होती, आणि आता काकांसाठी दुसरा चहा सांगायला निघाली.