राक्षसाला विचारलेला प्रश्न

मी एक जुना, वीस बाजूंचा फासा आहे. लाल प्लास्टिकचा, बोराएवढा, कडा झिजून गुळगुळीत झालेला. मित्रांनो, सहा बाजूंचे फासे तुम्ही पाहिले असतील. मला पाहून मात्र मोठ्यांचाही गोंधळ उडतो. त्यांना तरी काय बोल लावू? माझा स्वतःचाच गोंधळ अजून मिटलेला नाही. मी पडतो तेव्हा माझं तोंड खाली असतं. वर कोणता आकडा आला, ते मला कधीच दिसत नाही. माणसं ओरडली की गप्प झाली, यावरून मी आपला अंदाज बांधतो.

माझा जन्म उल्हासनगरचा. १९८७ साल असावं. अंबरनाथ पूर्वेला कंपनीच्या क्वार्टर्समध्ये शशिकांत नावाचा कॉलेजात जाणारा मुलगा राहत होता. त्याच्या मामाने अमेरिकेहून एक खेळ आणला होता. त्यातला फासा कुणाच्या तरी चपलेखाली येऊन तडकला, म्हणून शशिकांत तो घेऊन लछमनशेठच्या कारखान्यात गेला. तिथे बटणं आणि बांगड्या ओतत असत. शेठने तडकलेला फासा उलटसुलट करून पाहिला.

"ये क्या चीज है बाबा? ताबीज है?"

"गेम का पासा है, शेठ."

"जुआ है तो मैं नहीं बनाऊंगा. मेरी माँ घर से निकाल देगी."

"जुआ नहीं, कहानी का गेम है."

"कहानी में पासा किसलिए?"

शशिकांतने तडकलेला फासा नुसता पुन्हा पुढे सरकवला. मित्रांनो, मी अजून साच्यातही पडलो नव्हतो, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या कपाळी आहे.

शेठने मला ओतलं, थंड केलं आणि "ले जा, एकदम इम्पोर्टेड माफिक" म्हणत हातावर ठेवलं. माझे आकडे नुसत्या खाचा होत्या. शशिकांतने पांढरा मेणखडू घासून ते भरले.

या खेळाला पट नाही की सोंगट्या नाहीत. एकजण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतलं कुणीतरी होतात आणि आपण काय करतो ते बोलून दाखवतात. ते साधलं की फसलं, हे ठरवायला मला टाकतात. आकडा मोठा तर साधलं, लहान तर फसलं. गोष्ट सांगायचा शशिकांत. त्याचा मित्र हेमचंद्र नेहमी तलवारवाला वीर व्हायचा. माझा आकडा चांगला आला की तो मला कपाळाला लावून म्हणायचा, "काय पडलाय राव!" ते माझे कौतुकाचे दिवस.

त्या दिवाळीत शेजारी वृंदा राहायला आली. नऊ वर्षांची. बदलापूरचा हेंद्रेपाडा सोडून आलेली, इथे तिला एकही मैत्रीण नव्हती. रविवारी दुपारी शशिकांतच्या घरातला हसण्याचा आवाज भिंतीपलीकडे जायचा, आणि आपल्यालाही तिथे बसायला मिळावं, एवढं एकच तिच्या मनात होतं. एकदा खेळायला एकजण कमी पडला.

"त्या शेजारच्या चिमणीला घे ना," हेमचंद्र म्हणाला.

वृंदा वेणी घट्ट बांधून आली आणि टीपॉयपाशी मांडी घालून बसली.

"तू कोण होणार?" शशिकांतने विचारलं.

"मी वृंदा."

"अगं, खेळात कोण?"

"खेळातही वृंदाच."

"लिही रे वृंदा, टाइमपास नको," हेमचंद्र म्हणाला. दुसरं नाव घ्यायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही.

गोष्ट सुरू झाली. अंधारी गुहा, आत कुऱ्हाड घेतलेला राक्षस. हेमचंद्रने तलवार उपसली. "वृंदा, तू काय करतेस?"

वृंदाने हात जोडले. आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. तिची आई उमा दर गुरुवारी तिला कीर्तनाला नेत असे. कीर्तनातला राक्षस कधी नुसता राक्षस नसतो. तो मागच्या जन्मीचा कुणी गंधर्व असतो, एखाद्या ऋषीच्या शापाने रानात पडलेला. कुणीतरी मायेने विचारतं, तो ढसाढसा रडतो, त्याचा उद्धार होतो, आणि सगळी सभा टाळ्या वाजवत नाम घेते. वृंदाला राक्षस ठाऊक होते ते असे. म्हणून ती गोड आवाजात म्हणाली, "बाबा रे, तू मूळचा कोण? कोणाच्या शापाने राक्षस झालास?"

मग असा हशा पिकला की टीपॉय हलला आणि मी घरंगळलो.

"अगं, तो मारायला आलाय, कीर्तनाला नाही!" हेमचंद्र डोळे पुसत म्हणाला.

"पण शाप कोणाचा?"

शशिकांतने पुस्तकाची पानं चाळली. "पुस्तकात शापबिप काही नाही. फासा टाक."

"कशासाठी?"

"टाक गं!"

तिने मला टाकलं. माझं तोंड खाली. वरून हेमचंद्रचा आवाज आला, "एक! वृंदा मेली. खल्लास!"

"मेले म्हणजे?"

"मेलीस म्हणजे मेलीस. आता आमचं संपेपर्यंत गप्प बस."

ती बसली. मला वाटतं, ती वाट पाहत होती. कीर्तनात मेलेल्यासाठी कुणीतरी धावून येतं. इथे कुणी आलं नाही. गोष्ट तिला सोडून पुढे निघून गेली. मग ती उठली आणि चालू लागली, तेव्हा मी तिच्या मुठीत होतो. रागाने घेतलं की चुकून, कुणास ठाऊक. तिचा तळवा घामेजला होता एवढंच मला कळलं.

घरी गेल्यावर तिने विचारलं, "आई, मी मेले. आंघोळ करायची का?"

उमाच्या हातातलं लाटणं खाली पडलं. "भरल्या घरात काय बोलतेस हे!" मग तिने मूठ उघडून मला पाहिलं आणि ती आणखीच घाबरली. "फासा? पोरीला द्यूत शिकवतात की काय?" तिने मला रुमालात गाठ मारून खिडकीबाहेर तुळशीच्या कुंडीत ठेवलं. "गुरुवारी कीर्तनाच्या बाईंनाच विचारू."

"पण आई, मी जिवंत आहे, तर मला पुन्हा खेळता का नाही येणार?"

उमा नुसती तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

गुरुवारी हेंद्रेपाड्यातल्या दत्तमंदिरात सुहासिनीबाईंचं कीर्तन होतं. रुमालाच्या आतूनही मला झांजा ऐकू येत होत्या. आरती झाली, बाई बुक्का लावत असताना उमाने गाठ सोडली. "बाई, हा द्यूताचा फासा. माझ्या लेकीला मेली म्हणाले हो."

"पैसे लावतात का?"

"पैसे नाही."

"मग द्यूत कसलं?" बाईंनी मला बोटांत फिरवलं. "अगंबाई, किती बाजू याला! बाळ, तू काय केलंस तिथे?"

वृंदाने आपला प्रश्न सांगितला. बाई हसल्या नाहीत. "मग? काय म्हणाला राक्षस?"

"काहीच नाही. शशीदादा म्हणाला, पुस्तकात नाही."

"माझ्या पोथीत तरी कुठे सगळं असतं? आज राक्षस रडला ना, तो तुम्ही समोर बसला होता म्हणून रडला. आणि मागच्या गुरुवारी मेलेला राजा आज पुन्हा चालत आला की नाही?"

"आला."

"तर जा, फासा देऊन ये. सांगणारा जरा कच्चा आहे, पण तू विचारायचं सोडू नकोस." आणि हसत त्यांनी मलाही बुक्का लावला.

रविवारी वृंदाने मला टीपॉयवर ठेवलं.

"आली बघ फासेचोर!" हेमचंद्र म्हणाला.

"दादा, आज माझं नाव भागीरथी," वृंदा शशिकांतला म्हणाली. "भागीरथी मेली तर मला घरी जाऊन जेवता येईल. तो राक्षस अजून आहे का गुहेत?"

"आहे."

"मग मला तिथेच ने."

तिने हात जोडले आणि तोच प्रश्न विचारला.

"झालं, निरूपण सुरू!" हेमचंद्र पुटपुटला.

शशिकांतचा हात पुस्तकाकडे गेला आणि थांबला. "फासा टाक," तो म्हणाला.

मी गडगडलो, थांबलो. गाल टीपॉयच्या काचेवर. कुणी ओरडलं नाही, कुणी हसलं नाही. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला, आणि कुठूनतरी जाड, घोगरा आवाज उमटला. तो शशिकांतचा होता आणि नव्हताही.

"मला... आजवर कोणी विचारलंच नव्हतं."

टीपॉयवर हेमचंद्रची कोपरं टेकली. तलवारीचं नाव त्याने काढलं नाही. वृंदा पुढे सरकून बसली. ती पुढे कितीतरी रविवार तशीच बसत होती.

मित्रांनो, आता ती पोरं पांगली; जाताना शशिकांतने मला वृंदाच्या हातावर ठेवलं. मी वृंदाच्या ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्यांबरोबर पडून असतो. मेणखडू कधीच गळून गेला. खाचांत राहिलाय तो बुक्का. गोष्टीत फासा कशासाठी, हे लछमनशेठचं कोडं मला अजून सुटलेलं नाही. मागणं एवढंच: नवं पोर तुमच्या खेळात येईल, तेव्हा त्याला आधी एक दुसरं नाव द्या, आणि त्याने वेडा प्रश्न विचारला तर हसण्याआधी जरा थांबा.

त्या रविवारी माझ्या पाठीवर कोणता आकडा आला होता, ते मी पुष्कळदा आठवू पाहतो. पण मला तो दिसत नव्हता, आणि त्या दिवशी दुसऱ्या कुणीही तो पाहिला नाही.