संध्याकाळची गोळी

राजेश्वरीचं पत्र आलं तेव्हा साताऱ्यात थंडी पडायला लागली होती. आता चैत्र लागला, तरी आकाराममामांनी त्याला उत्तर दिलेलं नव्हतं.

तशी या बाबतीत मामांची ख्यातीच होती. जन्मभर वाचनालयात पुस्तकांची देवघेव केली, दुसऱ्यांनी लिहिलेलं ढीगभर वाचलं, पण स्वतः चार ओळी लिहायच्या म्हटलं की त्यांना घाम फुटे. लिहिलेलं चुकलं तर? कुणाला लागलं तर? लग्नाच्या पत्रिकेलाही त्यांचं उत्तर जात नसे. ते आपले स्वतः जाऊन मागच्या रांगेत बसून येत.

पण हे पत्र म्हणजे काही पत्रिका नव्हती. शिराळ्याच्या भाचेसुनेनं लिहिलं होतं : 'ती. मामांस सा. न. हे पलटणीतून आले ते दुखणं घेऊनच, ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्याही रक्तात तेच निघालं, पण मला अजून काही त्रास नाही. ह्यांना सांगलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. आधी अंग धरलं होतं. आता परत ताप येतो, तोंड येतं. इतकं भारी औषध, मग लागू का पडत नाही? ह्यांना विचारलं तर हसतात. तुमचं वाचन मोठं. तुम्ही सांगा.'

दुखणं म्हणजे एचआयव्ही. त्या घरात हा शब्द नवरा-बायको सोडून कुणाला माहीत नव्हता. राजेश्वरीच्या नवऱ्याची, जयराजची आई राहीबाई, म्हणजे मामांची थोरली बहीण, लेकाची कावीळ मुरलीय असं समजून त्याचं पथ्य सांभाळत होती.

मामांनी पुस्तकं धुंडाळली. जी सापडली ती या औषधांच्या आधीची. 'मला माहीत नाही' एवढं तरी कळवायचं, तर तेही हातून होईना. आपल्या वाचनावर कुणी इतका विश्वास टाकावा याचीच त्यांना लाज वाटत राहिली.

मग एक दिवस शेजारच्या घरी जयराजचा फोन आला. "मामा, सांगलीला येताय का माझ्यासंगं? आई लय मागं लागलीया, मी येते म्हणून. तुमी हाय म्हटलं की गप बसंल."

इस्लामपूरच्या स्टँडवर भाचा भेटला तेव्हा त्याच्या सदऱ्याचे खांदे खाली उतरले होते. सुभेदारी मिशी तेवढी जाग्यावर होती.

सांगलीला डॉक्टरांनी वजन घेतलं, घसा बघितला, गोळ्यांचं पाकीट मागून घेतलं. निम्मी पांढरी, निम्मी निळी अशी कॅप्सूल होती आणि सोबत एक बारकी गोळी. दोन्ही सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या. ती कॅप्सूल बोटांत फिरवत त्यांनी विचारलं, "चुकते का कधी? उलटी होऊन पडते? आणखी कुणाचं औषध, झाडपाला?"

"न्हाई साहेब. पलटणीतला माणूस हाय मी."

"दोन औषधांवर कधीकधी नीट घेऊनही असं होतं. पण बहुतेक वेळा औषध रक्तात कमी पडलेलं असतं. हा विषाणू सारखा आपल्या नकला काढतो, आणि नक्कल काढताना चुकतो. एखादी चूक अशी निघते, की त्या नकलेला औषध बाधत नाही. औषध पुरेपूर असलं तर मुळात नकलाच फारशा होत नाहीत. अर्धवट असलं की कच्चे मरतात, औषधाला न जुमानणारा उरतो, आणि पुढचं पीक सगळं त्याचं."

"द्राक्षावरच्या भुरी रोगासारखंच की," जयराज म्हणाला. "मेव्हण्याची द्राक्षबाग हाय तासगावला. औषध पातळ मारलं की भुरी मरत न्हाई, उलट निबर हुती."

"अगदी तसंच. म्हणून पुन्हा विचारतो. तिसरं औषध मुंबईहून मागवता येईल, पण तेही अर्धवट गेलं तर मग माझ्याकडं तुम्हाला द्यायला काही उरणार नाही."

जयराजनं पाकीट परत घेऊन खिशात ठेवलं. मग म्हणाला, "आन घरच्यांना कवा चालू करायच्या गोळ्या?"

"त्यांची ताकद अजून चांगली आहे. वेळ येईल तेव्हा करू. तपासायला मात्र आणत जा."

'बरं' म्हणून जयराज उठला.

मुक्काम शिराळ्याला झाला. "आकारामा, पत्राचं तर नावच सोड, पाय तरी लागलं घराला," राहीबाईनं दारातच सुनावलं. राजेश्वरीनं पत्राचा विषयही काढला नाही. नको म्हणत असताना ताटात एक भाकरी जास्त वाढली, तेवढंच. मामांना ती भाकरी गिळवेना.

जेवणं झाल्यावर तिनं फळीवरची टॉनिकची बाटली काढली. "शक्तीच्या गोळ्या आहेत मामा. मिलिटरी कॅन्टीनातून आणल्यात ह्यांनी माझ्यासाठी. एक दिवस चुकली तरी रागावतात." आणि तळहातावर दोन गोळ्या पाडून तिनं पाण्याबरोबर घेतल्या.

एक बारकी होती. दुसरी निम्मी पांढरी, निम्मी निळी.

मामांनी अंगणाकडं पाहिलं. जयराज म्हशीला वैरण टाकत होता, पण नजर राजेश्वरीवर होती. राजेश्वरीचा पेला खाली ठेवल्याचा आवाज झाला, तेव्हा कुठं त्यानं मान वळवून घेतली. त्याचं औषध आईच्या नजरेला पडू नये म्हणून पलटणीच्या ट्रंकेत कुलपात असे. तो ते गोठ्यातच घेई. राजेश्वरीनं त्याची गोळी हातात धरून कधी पाहिलीच नव्हती.

सकाळी उसाच्या बांधावर मामांनी विषय काढला. "सकाळची तुझी, संध्याकाळची तिची. असंच ना?"

जयराजनं विळा खाली ठेवला. "पुस्तकांनी तुमचं डोळं गेल्यात असं आई म्हणती. खोटं बोलती म्हणायची."

"डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? दुखणं मी दिलं तिला. कुठनं आणलं म्हणून तिनं एका शब्दानं इचारलं न्हाई. आन आता औषध मी एकट्यानं गिळू? ती आजारी पडायची वाट बघू? आमच्या घरात ताटातलं कुणी एकट्यानं खाल्लं न्हाई मामा."

"भाकरी वेगळी. हे तर तू दोघांच्याही बागेत पातळ फवारतोयस."

"तिला काय झालंय का अजून? गोळीनंच रोखलंय."

असेलही, असं मामांच्या मनात आलं. आपण कोण लागून गेलो डॉक्टर? तरी ते म्हणाले, "मग तिलाच विचार, हे असं चालेल का."

"तिला कळलं तर गोळी थुंकून टाकंल. मामा, तुमाला माझी आण हाय, तिला सांगायचं न्हाई."

"आण बिण काही मी घेत नाही. तू सांग. नाही सांगितलंस, तर तिच्या पत्राचं उत्तर मी देईन."

जयराज मनापासून हसला. हसता हसता त्याला खोकला आला. "माझ्या लग्नाची पत्रिका अजून वाट बघतीया तुमच्या उत्तराची."

परतताना इस्लामपूरला मामा साताऱ्याच्या गाडीत चढलेच नाहीत. सांगलीची गाडी धरून ते पुन्हा दवाखान्यात गेले आणि सगळे पेशंट निघून जाईपर्यंत कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर त्यांनी नाव न घेता विचारलं, "एखादा माणूस निम्म्या गोळ्या घरच्यांना देत असला तर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "असं वाटून खाणारे बरेच येतात. नवरा-बायको, मायलेक. निम्म्यानं त्याचं भागत नाही, आणि ज्याला गरज नाही त्याच्या अंगातला विषाणू औषधाशी झगडायला शिकतो. उद्या खरी गरज लागली की तेच औषध त्याला निकामी. तिची बंद करा, त्याची पुरी चालू करा, आणि दोघांना घेऊन या."

"उशीर झालाय का?"

"ते आज नाही सांगता येणार. पुरी गोळी घेऊन बघितल्याशिवाय कळणार नाही."

साताऱ्याला आल्यावर मामांनी वाट पाहिली. जयराजचा फोन आला. ऊसतोड, म्हैस, आईचे गुडघे, सगळं बोलून झालं. "सांगितलंस का?" असं मामांनी विचारताच पलीकडं लाईन खराब झाली. पुन्हा फोन आला नाही.

त्या दुपारी मामा टेबलाशी बसले. पहिला कागद फाडला, त्यात विज्ञान फार झालं होतं. दुसरा फाडला, त्यात जयराजची बाजू इतकी मांडली होती की त्यानं योग्यच केलं असं वाटावं. तिसरा लिहिला तो असा :

'चि. सौ. राजेश्वरीस अ. उ. आ. तुझ्या पत्राला फार उशिरा उत्तर देतो आहे. औषध लागू का पडत नाही, असं तू विचारलंस. त्याची कारणं पुष्कळ असतात, पण तुमच्या घरातलं एक मला दिसलं. औषध एकाचं आहे आणि ते दोघं खाता आहात. तू संध्याकाळी घेतेस त्या शक्तीच्या गोळ्या नाहीत, त्या त्याच्या आहेत. अर्ध्या औषधानं त्याचं दुखणं मरत नाही, निबर होतं, आणि तुझंही होईल. तुझी वेळ आली की तुला तुझं औषध अख्खं मिळायला हवं, म्हणून आज ते घेऊ नकोस. त्याच्या त्याला दे आणि समोर बसून घ्यायला लाव. त्यानं हे का केलं ते त्यालाच विचार. रागवायचं की नाही ते तू ठरव. येत्या सोमवारी दोघं सांगलीला या. मी स्टँडवर थांबतो. हे पत्र त्याला दाखव. लिहीन असं मी त्याला सांगूनच आलो होतो.'

पाकिटावर त्यांनी तिचं एकटीचं नाव घातलं. कोपऱ्यावरच्या पेटीपाशी पोचले तर पोस्टमन टपाल काढून कुलूप लावत होता. मामा थबकले. 'दुखणं निबर होतं' हे जरा कठोर झालं का? 'फार उशिरा' याऐवजी दुसरं काही लिहायला हवं होतं का?

"टाकायचंय का आजोबा?" पोस्टमननं हात पुढं केला. "आत्ता दिलं तर आजच्या टपालानं जाईल."

मामांनी पाकीट त्याच्या हातात दिलं. त्यानं ते थैलीत टाकलं, थैली सायकलला अडकवली. पाकीट परत मागायची बुद्धी होण्याआधी मामा घराकडं चालू लागले होते.